चूक धरणाऱ्याला पाणी

श्रीशारदेच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्या गजाननाचे स्मरण करून लिहावयास बसलो आहे. कैलासवासी नथ्थू दामू बोरसे, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, यांचे पहिले वर्षश्राद्ध येत्या कार्तिकात आहे. त्या दिवशी नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी जुने विद्यार्थी जमणार आहेत आणि एक लहानशी स्मरणपुस्तिका वाटणार आहेत. "शास्त्रीबुवा, तुम्ही नानांच्या शेजारी सव्वीस वर्षे बसलात, पहिला लेख तुमचाच हवा," असे त्यांनी मला कळवले. मी संस्कृतचा शिक्षक, नाना इंग्रजीचे. शिक्षकखोलीतल्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आमची दोन बिऱ्हाडे होती. त्या अधिकाराने लिहितो. आणि त्या अधिकारापेक्षा मोठे असे एक ओझे आहे, तेही येथेच सांगतो.

सावद्याजवळच्या आमच्या शाळेत मी नवा रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गावरून जात असता मी पाहिले, की एक उंच, सावळा, धोतर नेसलेला मनुष्य व्हरांड्यातल्या माठातून पितळी पेल्यात पाणी भरतो आहे. पेला दोन्ही हातांत धरून तो वर्गात गेला आणि तिसऱ्या बाकावरच्या एका पोरापुढे वाकून उभा राहिला. पोराला घेरी आली असावी असे समजून मी लगबगीने आत शिरलो.

"काय झाले? डॉक्टरांना बोलावू का?"

तो मनुष्य हसला. "घेरी नही, शास्त्रीबोवा. फळ्यावर मनी चूक व्हयनी. ह्या पोऱ्यानी धरी. त्याना मान शे."

पोरगा उभा राहून निवांत पाणी पीत होता. सगळा वर्ग त्याच्याकडे हेव्याने पाहत होता. पेला रिकामा झाल्यावर त्या मनुष्याने तो विसळला, माठावर पालथा ठेवला आणि जणू काहीच विशेष घडले नाही अशा रीतीने खडू उचलून पुढचा शब्द लिहिला. हे नाना. आणि ही त्यांची रीत. शिक्षक फळ्यावर चुकला आणि विद्यार्थ्याने ती चूक धरली, तर शिक्षकाने स्वतः जाऊन त्या विद्यार्थ्याला पाणी आणून द्यायचे.

आमची शाळा केळीच्या बागांच्या मधोमध. मुले शेतकऱ्यांची. कापणीच्या दिवसांत अर्धा वर्ग घड वाहायला जात असे आणि दुसऱ्या दिवशी चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी पेन धरी. या मुलांना इंग्रजी शब्दांची मोठी धास्ती. उच्चार एक, लेखन दुसरे. संस्कृतात जसे बोलावे तसे लिहावे, त्यामुळे माझा तास सोपा जाई, आणि त्याचा मला सूक्ष्म अभिमानही होता. नाना मात्र इंग्रजीला कधी नावे ठेवीत नसत. ते म्हणत, "परक्या गावचा पाव्हणा शे. त्याच्या घरच्या रीतीभाती त्यालाच विचारायच्या. आपण हसायचं नाही."

वर्गात ते प्रमाण मराठी बोलत. मन भरून आले किंवा गंमत सुचली, की अहिराणी आपोआप ओठांवर येई. पूर्वेकडच्या आमच्या मुलांची बोली निराळी. त्यामुळे 'शे' म्हटले की मागच्या बाकावरून खसखस पिके. एकदा एक पोरगी म्हणालीच, "सर, आमच्याकडे 'शे' नसते, 'हाये' असते!" नाना तत्काळ म्हणाले, "बरं, माय. मग आज तुझ्याकडून मी 'हाये' शिकतो, अन् माझ्याकडून तू गव्हर्नमेंट शीक."

'गव्हर्नमेंट' हा त्यांचा आवडता शब्द. त्यातला मधला एन मुले हमखास गाळीत. नाना फळ्यावर तो एन लिहीत, त्याच्याभोवती चौकोन काढीत आणि सांगत, "हा आपल्या वर्गातला मुका पोऱ्या. तोंड उघडत नाही म्हणून कोणी त्याला हाक मारत नाही. पण हजेरीपटावर नाव आहे! त्याला गैरहजर लावलं तर पाप लागेल." 'कमिटी' हा शब्द आला की त्यांचे डोळे चमकत. "एम दोन, टी दोन, ई दोन. कमिटीमा जो तो आपला जोडीदार लई येस!" मुले हसत, व्हरांड्यातून जाणारे संस्थेचे एखादे सभासद मात्र हसत नसत.

'स्टेशनरी' हा शब्द ते दोन प्रकारे लिहून दाखवीत. कागद, पेन, पाकिटे एकीकडे आणि जागीच उभी राहिलेली वस्तू दुसरीकडे. "सावद्याच्या स्टेशनावर केळीची मालगाडी सिग्नलसाठी अडली. अडली म्हणजे अ. म्हणून आरच्या आधी ए." 'लूज' शब्दाच्या दोन लेखनांसाठी ते एका मुलाला उभे करून त्याच्या चड्डीची नाडी ओढायचा आव आणीत. "सैल नाडी ओघळते, तिला दोन ओ. आणि नाडीच हरवली, तर एक ओसुद्धा गेला." 'सेपरेट'मध्ये मधे ए का आणि ई का नाही, हे मात्र ते कधीही समजावीत नसत. "याचं कारण मला ठाऊक नाही. ज्याचं कारण ठाऊक नाही ते पाठ करायचं आणि नम्र राहायचं," एवढेच सांगत. हे वाक्य मला माझ्या विद्येच्या जवळचे वाटे.

पाण्याची ती रीत मात्र मला खटके. माझे संस्कार असे, की गुरूसाठी शिष्याने पाणी भरावे, समिधा आणाव्यात, पाय चेपावेत. गुरूने उठून शिष्यापुढे वाकावे, हे माझ्या मनाच्या घडीत बसत नव्हते. मी एकदा टेबलावर हळूच बोलून पाहिले.

"नाना, चूक मान्य करावी हे योग्यच. पण पाणी कशासाठी?"

नाना वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंडानं 'चुकलो' म्हटलं की ते घशात अडकतं, शास्त्रीबुवा. हाताला काम दिलं, की घसा मोकळा होतो."

मी हसलो, पण मनातून पटले नव्हते. त्या न पटण्याचाच पुढे उपयोग झाला. माझ्याकडून, आणि त्यांच्याविरुद्ध.

त्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेने पुढचे नाव नानांचे, त्यांच्यामागे माझे. नानांना ते पद हवे होते, हे मी साक्षीने सांगतो. मानाची हाव त्यांना नव्हती. पण त्यांचे वडील दामूबाबा तेव्हा जिवंत होते. दामूबाबा रेल्वेच्या रुळांवर गिट्टी टाकणारे मजूर. सही येत नसे. "मना आंडोर हेडमास्तर व्हई," माझा मुलगा हेडमास्तर होईल, असे त्यांनी गावच्या पारावर बसून सगळ्यांना सांगून ठेवले होते. शिवाय नानांचा एक बेत होता. शाळेचा मोठा इंग्रजी शब्दकोश मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असे. "मी आलो की पहिल्या दिवशी तो व्हरांड्यात, घडवंचीवर. ज्याला शंका आली त्याने मधल्या सुट्टीत पाहावं. मास्तराला विचारायची गरजच नको," असे ते म्हणत. हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होई.

अशा त्या दिवसांत तपासणीसाठी शिक्षण विस्तार अधिकारी आले. सोबत संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे आबा म्हणत. नववीच्या वर्गात मागे तीन खुर्च्या मांडल्या. तिसऱ्या खुर्चीवर मी. नानांचा तास सुरू झाला. पाहुण्यांमुळे असेल, ते नेहमीपेक्षा भरभर लिहीत होते. त्यांनी फळ्यावर 'रिसीव्ह' लिहिले आणि आय व ई यांची अदलाबदल केली.

कल्पना नावाची मुलगी उठली. तिचे वडील केळीच्या वखारीत घड मोजत. तिने आधी पाहुण्यांकडे पाहिले, मग फळ्याकडे. ती म्हणाली, "सर, चुकलं."

नानांनी वळून पाहिले. शब्द पुसला, नीट लिहिला. मग खडू ठेवला. मी मनात म्हणत होतो, आज नको, नाना, आज नको. ते व्हरांड्यात गेले, पेला भरला, परत आले आणि त्या चौदा वर्षांच्या मुलीपुढे वाकले. "घे माय."

कल्पनाच्या डोळ्यांत पाणी आले. तिने दोन घोट घेतले. अधिकारी कुतूहलाने हसले आणि म्हणाले, "हे काय आहे?" नानांनी समजावले. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पण आबांचे मुख लाल झाले होते.

चार दिवसांनी संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक शाळेतच झाली. पाच सभासद होते. मला बोलावणे आले. आबांनी मला मानाने बसवले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही धर्मशास्त्र जाणता. मास्तराने पोरींपुढे पाण्याचे पेले घेऊन वाकावे, हे आपल्या परंपरेत बसते का?"

प्रश्न कशासाठी विचारला जात आहे, हे मला कळत होते. उत्तर दिल्यावर काय होईल, हेही कळत होते. नानांच्या मागे ज्येष्ठतेत कोण आहे, हे तर त्या खोलीत माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. मी डोळे मिटले. आणि शांतपणे म्हणालो, "गुरूचे आसन खाली उतरू नये."

एवढेच. एकच वाक्य. सभासदांनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी नानांना बोलावून दोन वाटा पुढे ठेवल्या. पेल्याची रीत बंद करावी आणि मुख्याध्यापक व्हावे. नाही तर पदास नकार असल्याचे लिहून द्यावे. नाना टेबलाशी परतले. आबांचे बोलणे त्यांनी मला सांगितले. मग मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी म्हणालो, "रीत ही शेवटी रीत. ती सोडून द्या, नाना. पद मोठे आहे."

"रीत सोडता येईल. पण कल्पनाला काय सांगू? परवा तिला पाणी दिलं. उद्या दुसऱ्याला नाही दिलं, तर तिला वाटेल, तिच्या बोलण्यानं मास्तरचं काही तरी गेलं. मग ती पुन्हा कधी बोलणार नाही."

त्यांनी कागद घेतला आणि नकार लिहून दिला. मी मुख्याध्यापक झालो.

पहिल्याच आठवड्यात मी तो शब्दकोश कपाटातून काढून व्हरांड्यात ठेवला. नाना आनंदले. "वा, शास्त्रीबुवा! पुण्य केलंत." त्या एका वाक्याने माझे मन काही काळ निवले; एवढ्यानेच फेड झाली, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढची नऊ वर्षे ते माझ्या हाताखाली शिकवीत राहिले. पेला चालूच राहिला. मी मुख्याध्यापक म्हणून तो कधी बंद केला नाही, आणि त्याबद्दल कधी चकार शब्दही काढला नाही. दामूबाबा दुसऱ्याच वर्षी गेले. पारावरच्या लोकांना काय सांगितले गेले असेल, हे मी विचारले नाही. कार्यकारिणीत मी काय बोललो, हे नानांना ठाऊक नव्हते. आबांनी सांगितले नाही, आणि मी तर नाहीच नाही.

कल्पना पुढे चाळीसगावला सासरी गेली. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवरचे चुकलेले इंग्रजी शब्द ती दुकानदारांकडून दुरुस्त करवून घेते, अशी कीर्ती ऐकतो. एका हॉटेलवाल्याने तिला पाहताच पाटीवर फडके टाकले, असेही कळले.

दोन वर्षांपूर्वी नाना आजारी असल्याचे समजले, म्हणून मी त्यांच्या गावी गेलो. वय ऐंशीच्या पुढे. ओसरीवर खाटेवर बसले होते, हातात नातीचा मोबाइल. मला पाहताच म्हणाले, "या, या. हाऊ यंत्र दखा. मी चुकीचं लिहिलं की आपोआप नीट करस. पण चुकणाऱ्याले काही सांगस नही! मग तो शिकी कसा?"

वहिनींनी चहा आणला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग मला आणखी थांबवेना. मी सांगून टाकले. आबांचा प्रश्न, माझे मिटलेले डोळे, ते वाक्य. आणि ज्येष्ठतेत माझे नाव दुसरे होते, हेही.

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "वाईट वाटलं व्हतं. बापले सांगेल व्हतं मी, हेडमास्तर व्हसू म्हणून."

मी हात जोडले. "नाना, क्षमा करा."

त्यांनी माझे हात खाली केले. आवाजात राग नव्हता. वर्गात शब्द समजावताना असे, तसा सूर होता. "तुम्ही मनाजवळ कोठे चुकनात, शास्त्रीबोवा? तुम्ही कमिटीमा चुकनात. तठे जाईसन सांगा. मी फळ्यावर चुकायचो, तर घरी येऊन बायकोजवळ थोडीच चूक पुसायचो?"

मी म्हणालो, "आता तिथे कोण उरले आहे, नाना? बहुतेक सगळे गेले."

"फळा शे ना?" ते म्हणाले. "मग झालं."

संस्थेच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, काठी टेकीत गेलो. आबांचे चिरंजीव आता अध्यक्ष आहेत. त्या वेळच्या पाचांपैकी एकच सभासद हयात होते, कापडाचा व्यापार केलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आता ऐकू येत नाही. 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा मी उभा राहिलो. कार्यकारिणीत बोरसे सरांविषयी मी जे बोललो, ते शास्त्र म्हणून बोललो. पण ते शास्त्र नव्हते, माझा स्वार्थ होता, आणि मी चुकलो, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

पुढच्या रांगेतले दोन तरुण सभासद हसले. एकाने दुसऱ्याला विचारले, "हे बोरसे कोण?" ते वृद्ध गृहस्थ कानामागे हात धरून ओरडले, "काय म्हणून राह्यले शास्त्री?"

शेजारचा त्यांच्या कानात ओरडला, "चुकलो म्हणतायत!"

"कोण चुकलं?"

"शास्त्रीबुवा! बोरसे सरांच्या बाबतीत!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मग खुर्चीचा दांडा धरून, कष्टाने, अर्धवट उठत म्हणाले, "मंग माह्यं बी लिहा. मी बी मान हलवली होती."

सचिव गोंधळले. अध्यक्ष म्हणाले, "लिहा." सभेच्या इतिवृत्तात त्या दिवशी दोन नावे लिहिली गेली.

दुसऱ्याच दिवशी मी नरडाण्याची वाट धरली. नाना आता पडूनच असत. मी खाटेजवळ बसून सगळे सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, असे मला वाटले. तेवढ्यात त्यांनी विचारले, "कोणी हासनं का?"

"हो. दोघे हसले."

"मंग ध्यानमा राही," ते म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी, शिक्षकखोलीत हसत तसे मोकळे हसले.

कार्तिकात ते गेले.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला देवी शारदा निर्मळ वाणी देवो. तुमच्या घरातल्या लेकराबाळांची जीभ निर्भय राहो, वडीलधाऱ्यांची मान वेळेवर नमो, बागांना पाणी मिळो, आणि उंबऱ्याच्या आत कोणाच्याही मनात न बोललेले काही शिल्लक न उरो. माझ्या मनात जे उरले होते ते नानांच्या कृपेने रिते झाले. तुमचेही तसेच, माझ्यापेक्षा लवकर होवो.